रॅम गेली की नुसती हलली?

पंचवटीतल्या आमच्या घरी डीडीआर३ प्रकारच्या रॅमचा (म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीचा) जुना डेस्कटॉप आहे. गेल्या पावसाळ्यात तो कधी निळा स्क्रीन दाखवायचा, कधी नुसताच बीप-बीप करत बसायचा. विंडोज पुन्हा टाकण्यात माझा अख्खा रविवार वाया गेला. तुम्ही आधी रॅम बघा.

प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. मग मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) स्लॉटच्या टोकाच्या खिट्ट्या दाबून रॅमची पट्टी काढा. माझ्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने झाडा. स्लॉटमध्ये तो पडला तर दुसरंच दुखणं. पट्टी ‘खट्’ वाजेपर्यंत बसवा.

तरी रडतोय? पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाका (फुकट आहे), त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दिसली, तरी एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. चांगली पट्टीही ठरावीक स्लॉटमध्येच चुकत असेल, तर संशय मदरबोर्डवर घ्या. माझ्या २ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एक पहिल्याच फेरीत पकडली गेली. बदली घेताना डीडीआर३च मागा. मला दुकानदाराने बिनधास्त डीडीआर४ दिली होती. तिची खाच वेगळ्या जागी, बसणार कशी?