तीन जोड कपड्यांत आठवडा काढायचा तर
बॅग हलकी हवी तर रात्री धुतलेला कपडा सकाळी वाळलेला हवा. अडतं ते इथेच, कारण नुसता पिळून टांगलेला शर्ट सकाळी दमटच निघतो. पिळल्यावर तो कोरड्या टॉवेलवर सपाट पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा टेकवून दाबा. उरलेलं बरंचसं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग हँगरला लावून पंख्याखाली टांगा, बाह्या अंगाला चिकटू न देता. पातळ पॉलिस्टर सहसा सकाळपर्यंत वाळतं. जाड सुती कपड्याचा भरवसा नाही, आणि जीन्स तर धुवूच नका. ती प्रवासात अंगावरच बरी. कॉलर, शिवणी, कंबरपट्टी सगळ्यांत शेवटी वाळतात. तिथे हात लावून बघा, नाहीतर बंद बॅगेत कुबट वास सगळ्याच कपड्यांना लागतो.