कागदी लिंबावरील खैऱ्या: उपयुक्त जिवाणूंची फवारणी केव्हा व कशी करावी

कागदी लिंबाची पाने, फांद्या व फळे यांवर खरबरीत, खपलीसारखे उंचवटे आणि पानांवर त्यांच्याभोवती पिवळे वलय दिसू लागले, की तो बहुधा झान्थोमोनास जिवाणूमुळे होणारा खैऱ्या असतो. बॅसिलस सबटिलिस किंवा स्युडोमोनास फ्लुरोसन्स या उपयुक्त जिवाणूंमुळे जुने डाग भरून येत नाहीत. ते कोवळ्या पानावर आधी जागा धरतात, रोगकारक जिवाणूला मारक ठरणारी द्रव्ये सोडतात आणि झाडाची प्रतिकारशक्ती चेतवतात. म्हणून फवारणीची वेळ डागांवरून नव्हे, तर नवतीवरून, म्हणजे नव्याने फुटणाऱ्या कोवळ्या पालवीवरून ठरवावी.

पावसाळ्यापूर्वी रोगट फांद्या छाटून जाळाव्यात, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी आणि एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे ताम्रयुक्त द्रावण) फवारावे. ताम्रयुक्त औषधे व स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक उपयुक्त जिवाणूंनाही मारक ठरत असल्याने त्यानंतर किमान ८ ते १० दिवस थांबावे. एकाच पंपात दोन्ही कामे उरकण्याचा मोह अनेकांना होतो आणि पैसे तिथेच वाया जातात.

नवतीची पाने निम्मी उघडली असताना पहिली फवारणी घ्यावी आणि पाने कडक होईपर्यंत साधारण १० दिवसांच्या अंतराने ती पुन्हा करावी. टाल्कच्या (शंखजिऱ्याच्या) भुकटीत मिसळलेल्या जिवाणूंचे प्रमाण लिटरमागे सामान्यतः ५ ते १० ग्रॅम असते, तरी पाकिटावरील शिफारस व मुदत आधी पाहावी. भुकटी बादलीतील थोड्या पाण्यात कालवून तलम कापडातून गाळली नाही, तर टाल्कचा गाळ नोझलमध्ये बसतो आणि अर्धी संध्याकाळ पंप खोलण्यात जाते. पाणी क्लोरीनविरहित आणि पंप ताम्रयुक्त औषधाचा अंशही न उरेल इतका धुतलेला असावा. उन्हात जिवाणू टिकत नाहीत, म्हणून ऊन उतरल्यावर फवारावे आणि पानांची खालची बाजू नीट भिजवावी, कारण रोगाला शिरकाव देणारी पर्णरंध्रे मुख्यतः तिथेच असतात.

नागअळीने पोखरलेले पान खैऱ्याला आयतीच वाट करून देते. त्यामुळे नवती फुटताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारून या अळीचा बंदोबस्त न केल्यास जिवाणूंवरील खर्चाला फारसा अर्थ उरत नाही. झाडे आधीच डागांनी भरलेली असतील आणि वादळी पावसाची झड लागली असेल, तर केवळ जिवाणूंवर विसंबू नये. तेव्हा ताम्रयुक्त औषधच आधी घ्यावे आणि जिवाणू पुढच्या नवतीसाठी राखून ठेवावेत.