आठ-पंधरा दिवस वीज जाणार हे धरून घर कसं तयार ठेवावं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्यानंतर सव्वीस दिवस वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातूनच वर गुजरातकडे गेलं, तरी आमचे नऊ दिवस अंधारात गेले. तेव्हापासून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत मी विजेची बेगमी धरतो आणि वाडीतल्या दहा-बारा घरांचीही मांडणी करून दिली आहे. त्यामुळे "मोठा इन्व्हर्टर घ्या, काळजी मिटली" असं कुणी सांगितलं की मला राग येतो. इन्व्हर्टर वीज साठवतो, तयार करत नाही. चार तासांसाठी तो ठीक आहे. चौथ्या दिवशी तो कशाने भरणार, हे आधी ठरवावं लागतं.

पाणी आणि दळण

विहिरीवरचा रहाट काढून टाकला असेल तर पुन्हा बसवा, दोर नवा घ्या. २०२० मध्ये ज्यांच्याकडे रहाट होता त्यांच्याकडे पाणी होतं, बाकीच्यांचे पंप नुसते उभे होते. टाकी वादळाच्या इशाऱ्यालाच भरा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. गढूळ पाणी आधी निवळू द्या, मग उकळा. मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचे क्लोरीनचे थेंब) वापरणार असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा, अंदाजाने थेंब टाकू नका.

तांदूळ-डाळ सगळेच भरतात. विसरतं ते दळण. गिरणीही विजेवरच चालते, त्यामुळे तांदळाचं आणि नाचणीचं पीठ, कुळथाची पिठी पंधरा दिवसांची दळून ठेवा. मिक्सर बंद असणार, म्हणून पाटा-वरवंटा हाताशी असू द्या. दुसरा सिलिंडर भरलेला, सरपण पागोळीपासून लांब, रोख पैसे घरात (टॉवर बंद पडले की मोबाइलवरून पैसे जात नाहीत), सेलवर चालणारा रेडिओ, महिन्याची औषधं. घरात इन्सुलिन घेणारं माणूस असेल तर फ्रिज बंद असताना ती किती दिवस आणि किती तापमानात चालते, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. कोकणातल्या दमट पावसाळी हवेत माठ उन्हाळ्यासारखा गार होत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

इन्व्हर्टरचं खरं गणित

१५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते हे धरलं, तर हातात अकराशे-बाराशे उरतात. दोन जुने पंखे आणि ९ वॅटचे चार बल्ब मिळून १९० वॅट होतात, म्हणजे सहा तास. तेच पंखे २८ वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर बारा तास. म्हणून दुसऱ्या बॅटरीआधी पंखे बदला. बॅटरी जमिनीवर ठेवू नका, पाणी शिरलं तर सगळ्यात आधी तीच जाते.

छतावर नेट मीटरचं (जास्तीची वीज लाईनला देणारं) सोलर आहे म्हणून निर्धास्त असाल तर बसवणाऱ्याला एकच विचारा: लाईन गेल्यावर हे चालतं का? बॅटरी नसलेलं साधं सोलर लाईन गेली की आपोआप बंद होतं. खांबावर काम करणाऱ्याला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं.

जनरेटर घराला जोडणं

या टप्प्यावर मी चुकलो, आणि ती चूक कुणाच्या तरी जिवावर बेतली असती.

निसर्गच्या आठव्या दिवशी मी जुना २ केव्हीए क्षमतेचा पेट्रोल जनरेटर आणला. जोडायचा कसा विचारल्यावर एकाने दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर दिली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीवरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, मेन खाली केला की झालं, असं त्याचं म्हणणं. पाच दिवस तसंच चाललं. सहाव्या दिवशी मेन खाली करायचा मी विसरलो. त्याच वेळी वाडीच्या टोकाला वायरमन खांबावर चढायच्या तयारीत होते. त्यांनी चढण्याआधी साखळी टाकून तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या, आमचा जनरेटर धाडकन बंद पडला आणि ते आवाजाच्या मागाने घरी आले. त्यांनी ती साखळी टाकण्याचा कंटाळा केला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी मला अंगणात उभं राहून शांतपणे सांगितलं. आपली वीज उलटी लाईनवर गेली तर २३० व्होल्ट तारेत येतातच. पुढे ती ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूने शिरली तर वरच्या बाजूला ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकते. तीन वाड्या पलीकडचा माणूसही त्यात जाऊ शकतो.

तेव्हा ती दोन पिनांची वायर करू नका, घेऊ नका, शेजाऱ्याकडे दिसली तर तोडायला लावा. तिची एक पिन सॉकेटमधून निघाली तरी तिच्या उघड्या दांड्यांत वीज असते, घरात लहान मूल असेल तर एवढंच पुरे. "मी मेन खाली करायला विसरत नाही" असं मीही म्हणत होतो.

योग्य मार्ग एकच आहे: चेंजओव्हर स्विच. एका बाजूला महावितरणची लाईन, मधे बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, म्हणून विसरण्याचा प्रश्नच राहत नाही. तो डबल पोल असावा, म्हणजे फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (वीज परत नेणारी तार) तोडणारा. दुकानात फक्त फेज बदलणारा स्वस्त प्रकार दाखवतील, तो घेऊ नका. न्यूट्रल जोडलेला राहिला की लाईनशी नातं तुटलेलं नसतं. घरात थ्री फेज असेल तर चार पोलचा लागतो. बसवायला परवाना असलेला इलेक्ट्रिशियनच बोलवा, आणि लाईनच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर बल्ब लावून घ्या. वीज आली की नाही हे कळायला मग दांडा हलवून बघावा लागत नाही.

चेंजओव्हर बसला तरी माझं काम संपलं नव्हतं. जनरेटर चालू केला की आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडायचा. दोन दिवस मी जनरेटरलाच दोष देत होतो. खरं कारण भिंतीत होतं. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने त्याच्या वेगळ्या लाईनचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला होता. फेजमधून गेलेली वीज त्याच सर्किटच्या न्यूट्रलमधून परत आली नाही की आरसीसीबीला ती गळती वाटते. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली करून एकेक वर करत जा. ज्याला आरसीसीबी पडेल त्या सर्किटचा न्यूट्रल शोधा. आरसीसीबी काढून टाकायचा सल्ला मिळेल, मला दोघांनी दिला. ऐकू नका, ओल्या भिंतींच्या दिवसांत तोच तुमचा जीव वाचवतो.

उलटाही प्रकार असतो. लहान जनरेटरचा न्यूट्रल बहुधा कशालाच जोडलेला नसतो. टेस्टर दोन्ही पिनांवर मंद पेटतो आणि खरी गळती झाली तरी आरसीसीबी पडेलच असं नाही. त्याचं अर्थिंग कसं करायचं हे इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी विचारा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण जनरेटरवर चालवून दाखवायला लावा.

जनरेटर केवढा घ्यायचा? पंपावरून ठरवा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण पंप प्रत्यक्षात हजाराच्या वर ओढतो आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. माझा २ केव्हीए एक अश्वशक्तीच्या पंपाला गुदमरायचा, आता ३.५ आहे. चालवण्याचा क्रम असा: जनरेटर सुरू, दोन मिनिटं गरम, मग दांडा, आधी एकटा पंप, टाकी भरल्यावर फ्रिज आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर चार्ज होत नसेल तर मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते नॉर्मलवर करा. जनरेटरचं व्होल्टेज हलतं, यूपीएसवर ठेवलेला इन्व्हर्टर ते घेत नाही.

दोन तासांत बॅटरी भरेल ही आशा सोडा. १५ अँपिअरने दोन तास म्हणजे ३० एएच, पाचवा हिस्सा. तेवढ्यात एक बीएलडीसी पंखा आणि एक बल्ब रात्रभर कसाबसा निघतो. हिशोब तेवढाच धरा.

आणि जनरेटर पडवीत नको, मांगरात नको, खिडकीखाली नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. पाऊस असला तरी उघड्यावर, चारही बाजू मोकळ्या असलेल्या पत्र्याखाली, घरापासून दूर ठेवा आणि लांब वायर घ्या.

पेट्रोल

वीज गेली की पेट्रोल पंपही बंद पडू शकतात, म्हणून इशारा येताच आणा. धातूचा कॅन, घराबाहेर, ३० लिटरच्या आत. इंजिन गार झाल्याशिवाय भरू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, गेल्या वर्षीचं उरलेलं ठेवून देऊ नका.

तुटलेली तार दिसली तर १९१२ वर कळवा आणि गुरं तिथून हलवा.

इंडिकेटर पेटला तरी लगेच दांडा फिरवू नका. पहिला अर्धा तास वीज येते-जाते. ती टिकली की आधी घरातलं सगळं बंद, मग दांडा, मग एकेक चालू. शेवटी जनरेटरचा पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो आणि पुढच्या वेळी दोरी पहिल्या-दुसऱ्या ओढीत लागते.