हलकी स्पोर्ट्स कार, मागे ट्रेलर आणि लांबचा पल्ला : या चुका टाळा

पुण्याहून कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकपर्यंतचे अंतर सुमारे 1200 किलोमीटर आहे. दोन आसनांच्या गाडीत शर्यतीचे चार टायर, जॅक, हत्यारांची पेटी आणि दोन माणसांचे सामान मावत नाही, म्हणून आमच्यातले काही जण गाडीमागे छोटा ट्रेलर जोडून जातात. मीही तसाच जातो. दर हंगामाच्या सुरुवातीला नवे कोणीतरी ट्रेलर बनवून घेते, आठवड्याभरात निघायची घाई करते आणि साताऱ्याच्या पुढे कुठेतरी थांबून मला फोन करते. त्या फोनांवर ऐकलेल्या तक्रारी पाहिल्या, तर बहुतेक सगळ्यांचे मूळ रस्त्यात नसून निघण्यापूर्वीच्या पार्किंगमध्ये आहे. म्हणून त्याच त्या चुका एकदा नीट लिहून काढत आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अनेक स्पोर्ट्स कारच्या मालक-पुस्तिकेत ‘ही गाडी ओढण्यासाठी नाही’ असे सरळ लिहिलेले असते. तुमच्या पुस्तिकेत तसे लिहिले असेल तर पुढचे काही वाचू नका, सामान रेल्वेने किंवा टेम्पोने पाठवा. पुस्तिकेत वजनाची मर्यादा दिलेली असेल तर ती पाळा. ब्रिटनमध्ये स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला गाडीचे निम्मे वजन किंवा 750 किलो, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त वजनाची परवानगी नाही. म्हणजे हजार किलोच्या गाडीमागे पाचशे किलो झाले. मी स्वतः अडीचशेच्या वर कधीही जात नाही, कारण घाटाच्या उतारावर गाडीचेच ब्रेक दोघांना थांबवत असतात.

वजन मागे टाकणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती सर्वांत सहज होते. बैलगाडी भरणाऱ्याला जे लहानपणापासून ठाऊक असते, ते गाड्यांचे वेड असलेल्या माणसाला सांगावे लागते. गाडी पुढे जड झाली तर ती धुरजड आणि मागे जड झाली तर ती उलाळ. धुरजड गाडी बैलांच्या मानेवर येते, उलाळ गाडी जू वर उचलते. ट्रेलरचे नेमके तसेच आहे, फक्त मानेच्या जागी गाडीचा हुक असतो. हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा. तो फार कमी झाला, किंवा शून्याखाली जाऊन ट्रेलर हुकाला वर उचलू लागला, की ठरावीक वेगानंतर ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला झोके घेऊ लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोन गाड्या घेऊन पहाटे वारज्याहून निघालो. पुढच्या गाडीत एक तरुण मित्र होता. त्याचा ट्रेलर मीच आदल्या रात्री वजन करून दिला होता : एकूण 230 किलो, हुकावर 25 किलो. खंबाटकी चढून सुरूर फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. तिथे त्याला पाणी हवे होते आणि वीस लिटरचे दोन जार पुढे, टायरांच्या खाली दाबलेले होते. त्याने ते ओढून काढले आणि पुन्हा आत कोंबण्याचा त्रास नको म्हणून मागच्या फळीला टेकवून दोरीने बांधले. मी त्या वेळी माझ्या ट्रेलरच्या हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या बेअरिंगच्या भागांना, हात लावून पाहत होतो, त्यामुळे माझ्या ते लक्षात आले नाही.

हिशेब साधा आहे. ते चाळीस किलो चाकाच्या धुरीपुढे (ॲक्सलपुढे) अर्ध्या मीटरवर होते, ते धुरीमागे साठ सेंटिमीटरवर गेले, म्हणजे 1.1 मीटर सरकले. धुरीपासून हुकापर्यंतचे अंतर 1.6 मीटर. चाळीस गुणिले 1.1 भागिले 1.6, म्हणजे हुकावरचा भार साडेसत्तावीस किलोंनी घटला. पंचवीस होता, तो उणे अडीच झाला. ट्रेलरचे एकूण वजन एका ग्रॅमनेही वाढले नव्हते.

साताऱ्यापर्यंत काही जाणवले नाही, कारण गर्दीमुळे वेग साठच्या पुढे गेलाच नाही. कऱ्हाडच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर त्याने वेग नव्वदच्या आसपास नेला आणि त्याच वेळी एक लक्झरी बस त्याला ओलांडून गेली. मोठे वाहन शेजारून जाताना हवा आधी बाजूला ढकलते आणि मग आत ओढते. त्या एका ढकल्याने ट्रेलर वळवळला. मागून मला ट्रेलरचे लाल दिवे आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे गेलेले दिसले, आणि त्यानंतर ब्रेकचे दिवे जोरात पेटले. तोच क्षण निर्णायक ठरला. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर गेला, आधीच हलकी झालेली मागची चाके आणखी सैल पडली, आणि ट्रेलरने गाडीला आडवे केले. ट्रेलर दुभाजकावर आदळून सुटला, शर्यतीचा एक टायर लेनमधून घरंगळत शेतात गेला. मागे रहदारी नव्हती म्हणून माणसे वाचली. गाडीचा मागचा उजवा कोपरा दिव्यासकट आत गेला होता आणि तो मित्र रस्त्याच्या कडेला बसून कितीतरी वेळ काही बोलला नाही.

ट्रेलर झोके घेऊ लागला तर प्रथम ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडावा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरावे, झोक्याच्या उलट वळवण्याचा मोह टाळावा, गाडीचा ब्रेक दाबू नये आणि वेग वाढवून तर मुळीच पाहू नये. वेग आपोआप उतरला की झोके थांबतात. मग पुढच्या सुरक्षित जागी थांबून सामान पुढे घ्यावे. ‘आता थांबला, चला’ म्हणून पुढे निघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मी त्यांच्याबरोबर प्रवासच करत नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन हुकावर साठ-सत्तर किलो टाकणारेही आहेत. हलक्या गाडीला तेही सोसत नाही. 1989 साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 चे उदाहरण घ्या. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2265 मिलिमीटर आहे. हुक मागच्या धुरीपासून 90 सेंटिमीटर मागे असेल आणि त्यावर 40 किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर 56 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे 16 किलो कमी होतात. मोठ्या एसयूव्हीला हा फरक कळतही नाही, पण हजार किलोच्या आतल्या गाडीचे स्टिअरिंग त्याने हलके पडते आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाके वळणाबाहेर सरकतात.

मी घरगुती वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवतो, ठोकळ्याची उंची हुकाएवढी असते, ट्रेलर सपाट जमिनीवर आडवा समतल ठेवतो आणि हुकाला जोडला जाणारा ट्रेलरचा पुढचा दांडा ठोकळ्यावर टेकवून आकडा वाचतो. सगळे सामान भरून झाल्यावर हे एकदा करतो. प्रत्येक वस्तूची जागा फळीवर ऑइल पेंटने आखलेली आहे. वाटेत काही काढले तर ते त्याच चौकोनात परत जाते. पाण्याचे जार आता ट्रेलरमध्ये नसतातच, ते गाडीत पायांपाशी असतात.

रिक्षाची चाके आणि तापणारे हब

पुण्यात ट्रेलर बनवायला दिला की फॅब्रिकेटर बहुधा रिक्षाची चाके सुचवतो. ती स्वस्त आहेत, कुठेही मिळतात आणि दिसायलाही छोट्या ट्रेलरला शोभतात. पण 4.00-8 मापाच्या टायरचा परीघ साधारण 1.3 मीटर असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते, तर गाडीचे चौदा इंची चाक साडेसातशेच्या आत राहते. रिक्षा दिवसभर चालते, पण ती शहरात, कमी वेगाने आणि थांबत थांबत चालते. सलग सहा तास हजार फेरे हे तिच्या बेअरिंगचे काम नव्हे.

माझ्या पहिल्या ट्रेलरला हीच चाके होती. हुबळीच्या बायपासवर थांबलो तेव्हा डावा हब हाताला सोसेना आणि ग्रीस वितळून रिमच्या आतल्या बाजूला काळ्या रेघांनी ओघळले होते. उजवा हब कोमट होता. बनवणाऱ्याने डाव्या बाजूचा धुरीवरचा नट नको तितका आवळला होता. टेपर रोलर बेअरिंगला किंचित मोकळीक लागते. ती न मिळाल्यास रोलर घासतात, तापतात, आणि शेवटी चाक धुरीवरच अडकते किंवा निखळते. ती दुरुस्ती रस्त्याकडेला झाली, परंतु पूर्ण दिवस गेला.

तेव्हापासून ट्रेलरला दहा किंवा बारा इंची, त्या वेगासाठी बनलेले टायर आणि मोटारीचे हब असल्याशिवाय मी निघत नाही. पहिल्या 40 किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पान्याने पुन्हा पाहतो. त्यानंतर दर शंभर किलोमीटरला दोन्ही हबना हाताची पालथी बाजू लावतो. एकटा हब किती गरम आहे याला फारसा अर्थ नाही, दोन्हींमधला फरक पाहायचा असतो. ग्रीस भरलेला, बेअरिंगसकट तयार असा एक संपूर्ण हब पिशवीत सोबत असतो, कारण रस्त्यात बेअरिंग ठोकून बसवण्यापेक्षा अख्खा हब बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. ट्रेलरच्या मापाची वेगळी स्टेपनीही घ्या. गाडीची स्टेपनी तिथे बसत नाही, हे वाटेत कळून उपयोग नाही.

उतारावर न्यूट्रल

परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. पुणेकराला या उताराबद्दल वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली होती. तरीही इंधन वाचते म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे मला दरवर्षी भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकून पाय सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. म्हणजे बचतही होत नाही आणि इंजिनाचा रोधही जातो. मागून अडीचशे किलो ढकलत असताना सगळा भार ब्रेकवर पडतो आणि बाराशे किलोमीटरच्या शेवटी चालकही थकलेला असतो. मी बोगद्याच्या तोंडाशीच तिसऱ्या गिअरमध्ये येतो आणि खाली सिग्नल दिसेपर्यंत त्यातच राहतो. मागचे हॉर्न वाजवतात, त्यांना वाजवू द्यावे. साताऱ्याकडून येताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या इंग्रजी ‘एस’ आकाराच्या वळणालाही हेच लागू आहे.

किरकोळ वाटणाऱ्या बाबी

हुकाचा बॉल आणि त्यावर बसणारा कपलर यांचे माप व्हर्निअरने मोजा. 50 मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंचांचा कपलर डोळ्यांना सारखेच दिसतात. कपलर बंद केल्यावर दांड्याखाली जॅक लावून वर उचला, गाडीची मागची बाजू सोबत उठली तरच तो खरोखर बसला आहे.

सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्या फुलीवर पडतो, रस्त्यात रुतत नाही.

दिवे मंद पेटतात किंवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिचकावतो, ही तक्रार आली की बल्ब बदलत बसू नका, दहापैकी नऊ वेळा अर्थिंग सैल असते. बॉलमधून अर्थ मिळतो हा समज चुकीचा आहे. त्यासाठी वेगळी वायर टाका.

ट्रेलरलाही नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 61 मध्ये हे दिलेले आहे. गाडीला हुक बसवण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या, कारण कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही.

आखूड दांड्याचा ट्रेलर रिव्हर्समध्ये क्षणात दुमडतो आणि दांडा बंपरला लागतो. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर मागे घ्यायची वेळ आली, तर मी उतरतो, ट्रेलर सोडवतो आणि हाताने ढकलतो. त्याला दोन मिनिटे लागतात.

वेगाबद्दल माझे मत ठाम आहे : ऐंशी. शंभरच्या वेगात गाडी आणि ट्रेलर यांच्यात ऐंशीपेक्षा दीडपटीहून अधिक ऊर्जा असते आणि ती सगळी चार छोट्या ब्रेकना पचवावी लागते. चित्रदुर्गजवळ टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या की मी सत्तरवर येतो, कारण तिथला आडवा वारा उंच भरलेल्या ट्रेलरला बाजूने दाबतो.

लांबच्या प्रवासाआधीच्या रविवारी मी पूर्ण भरलेला ट्रेलर घेऊन पुणे ते शिरवळ आणि परत असा फेरा करतो. त्यात बोगद्याकडचा चढ, महामार्गाचा वेग, टोलनाक्यावरचे गतिरोधक आणि नवले पुलाचा उतार असे सगळे येते. घरी आल्यावर हब, नट, साखळ्या, दिवे आणि हुकावरचे वजन पुन्हा पाहतो. त्या फेऱ्यात एक जरी वस्तू जागची हलली असेल, तर ती नव्याने बांधून पुढच्या रविवारी पुन्हा शिरवळला जातो आणि कोइंबतूरचा बेत एका आठवड्याने पुढे ढकलतो.