गावचा आठवडे बाजार कसा सुरू करावा आणि कसा टिकवावा

आधी वार ठरवा, जागा नंतर. कापडवाले, भांडीवाले, मसालेवाले आठवडाभर गावोगाव फिरतात. शेजारच्या मोठ्या गावाच्या बाजाराचाच वार धरलात तर ते तुमच्याकडे येणार नाहीत. आसपासच्या बाजारांचे वार लिहून काढा आणि मोकळा वार निवडा. मजुरांच्या हाती पैसा कधी येतो, तेही विचारा.

मग ग्रामसभेत ठराव घ्या. बाजार फी आकारण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीला दिला आहे. वसुलीचा ठेका दिला तरी दर फलकावर लिहा आणि प्रत्येकाला पावती द्या. माझं स्पष्ट मत आहे की टोपली घेऊन बसणाऱ्या बाईकडून पहिलं वर्षभर काहीच घेऊ नये. नगरपालिका असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो; त्यासाठीच्या शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात.

जागा फक्कीने आखा आणि ज्याची जागा त्यालाच दर आठवड्याला द्या, कारण गिऱ्हाईक ठरलेल्या ठिकाणी ओळखीचा चेहरा शोधतं. भज्यांची कढई कापडाच्या दुकानांपासून लांब ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उन्हाळ्यात बाजार दुपार कलल्यावर भरवा, दिव्यांची सोय करा. पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं शौचालय पहिल्या दिवसापासूनच हवं. पहाटेच घर सोडून आलेली बाई त्यावाचून दिवसभर पाणी पीत नाही, आणि पुढच्या वेळी येतच नाही.

आपला माल पुढे आणा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हिवाळ्यात या फिकट हिरव्या, कमी बियांच्या वांग्यांचा ढीग लावा आणि त्याच्या शेजारीच पातीचा कांदा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर बसवा. वांगं घेणारा माणूस मग चार ठिकाणी थांबतो आणि चौघांचीही विक्री होते. नंदुरबारची मिरची, सातपुड्यातली मोहाची फुलं आणि चारोळी विकणाऱ्यांनाही बोलावणं धाडा.

काट्या-वजनांवर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का आहे का, ते पाहा. कचरा त्याच रात्री उचला.

एखादा विक्रेता सलग दोन बाजार दिसला नाही, तर फोन करून कारण विचारा. बहुतेक वेळा ते जागा, पाणी किंवा वसुली यांपैकीच एक निघतं, आणि पुढच्या बाजाराआधी दुरुस्त करता येतं.