धातू की अधातू, आयनायझेशन एनर्जी कोणाची जास्त: पाठांतर न करता कसं ठरवायचं

गण-आवर्त दहावीत झालेत असं धरून चालतो. आयनायझेशन एनर्जी म्हणजे वायुरूप अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. आवर्तसारणी काढा, दोन्ही मूलद्रव्यं शोधा. एकाच आवर्तात असतील तर उजवीकडचं जास्त, एकाच गणात असतील तर वरचं जास्त. सोडियम ४९६, क्लोरीन १२५१ किलोज्यूल प्रति मोल, विषय संपला.

घोळ पुढे आहे. ही चढण सरळ नाहीये. मॅग्नेशियम ७३८ आणि त्याच्या उजवीकडचं ॲल्युमिनियम ५७८, मला स्वतःला हे पचायला वेळ लागला कारण क्लासमध्ये "अपवाद आहे, लक्षात ठेवा" एवढंच सांगायचे. असलं काही ऐकू नका. इलेक्ट्रॉन संरूपण (कुठल्या कवचात-उपकवचात किती इलेक्ट्रॉन; ३एस, ३पी म्हणजे तिसऱ्या कवचातली उपकवचं) लिहा आणि नेमका कुठला इलेक्ट्रॉन निघतोय ते बघा: मॅग्नेशियमचा ३एस मधून निघतो, ॲल्युमिनियमचा ३पी मधला, तो जास्त एनर्जीचा आणि वर आतल्या ३एस जोडीची आड, मग सुटणारच ना लवकर. फॉस्फरस १०१२ आणि गंधक १००० इथे कारण वेगळं, गंधकात पी मधला चौथा इलेक्ट्रॉन आधीच्या एकाशी जोडीने कोंबलेला असतो, दोघं एकमेकांना ढकलतात. नुसतं "अर्धं भरलेलं म्हणजे स्थिर" लिहून सुटू नका, बोर्डात कारण विचारतात.

आणि "धातूची कमी, अधातूची जास्त" हे डोळे मिटून लिहायचं असेल तर पारा आठवा, धातू असून १००७, म्हणजे गंधकापेक्षा जास्त! आवर्त वेगळं असेल किंवा मधल्या डी-ब्लॉकमधलं काही आलं तर अंदाज नको, सरळ आकडे बघा.

अजून एक, आपल्याकडे हटकून शिरोड्याच्या मिठागरांचं उदाहरण देऊन सांगतात की तिथे सोडियम खुशीने इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. अहो, मिठागरात फक्त पाणी आटतं, आयन समुद्रातूनच आलेले असतात. आणि खुशीने वगैरे काही नाही, सुट्या सोडियमसाठी ४९६ मोजावेच लागतात, क्लोरीन इलेक्ट्रॉन घेताना त्यातले साधारण ३४९ परत देतो, उरलेला खड्डा स्फटिक बनताना आयनांच्या आकर्षणातून भरून निघतो, वर शिल्लकही राहते.

व्याख्येत "वायुरूप अणू" लिहा, आणि प्रश्नात "दुसरी" (म्हणजे एक निघाल्यावर दुसरा इलेक्ट्रॉन काढायची एनर्जी) शब्द आहे का बघा, कारण सोडियमची दुसरी ४५६२ आहे, तिथे सगळा हिशोबच उलटा होतो.