तुर्की मॉझर कशी ओळखावी

मॉझर म्हणजे जर्मन मॉझर कंपनीच्या धर्तीची बोल्ट-रायफल. आधी बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा) मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा साठा) रिकामे असल्याची खात्री करा. मगच रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) कड्यावरचा, म्हणजे नळी जिथे बसते त्या गोल भागावरचा शिक्का वाचा. ‘टी.सी. आस.फा. अंकारा’ (तुर्की प्रजासत्ताक, लष्करी कारखाना, अंकारा) आणि खाली १९३५-४० च्या आसपासचे साल दिसले, की बरेच जण तेच बंदुकीचे जन्मसाल धरतात. पुष्कळदा ते डागडुजीचे असते. १९३० च्या दशकात तुर्की प्रजासत्ताकाने उस्मानी काळातल्या मॉझर अंकाऱ्यात ७.९२ × ५७ मिमी काडतुसासाठी बदलून घेतल्या आणि त्यांना जवळपास एकसारखे रूप दिले. म्हणून मूळ मॉडेल यंत्रणेवरून ठरवावे.

नळीखाली दस्त्यात नळकांड्यासारखे मॅगझिन असेल तर १८८७ ची, काळ्या दारूची, ९.५ मिमी. मॅगझिनची पेटी दस्त्याखाली बाहेर डोकावत असेल तर १८९० ची, तुर्की सैन्यात ७.६५ × ५३ मिमीचे धूरविरहित काडतूस हिच्यापासून आले. पेटी दस्त्यात लपलेली आणि रिसीव्हरच्या उजव्या बाजूला खाच असेल तर १८९३ ची. त्या खाचेत मॅगझिन बंद ठेवणारी कळ असे, पण बदल करताना ती बहुधा काढली गेली. हिची फायरिंग पिनची (काडतुसावर आपटणाऱ्या सुईची) स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते. १९०३ च्या बंदुकीत ती बोल्ट उघडतानाच दाबली जाते आणि बोल्टला मागे तिसरी सुरक्षा-खुंटी असते.

जुने साल अरबी आकड्यांत असेल तर ते रूमी पंचांगाचे, म्हणजे उस्मानी सरकारी सौर कालगणनेचे. त्यात ५८४ मिळवा. १३०९ म्हणजे १८९३. इथे मराठी डोळा हमखास फसतो: शून्य हा नुसता ठिपका, आपल्या शून्यासारखा दिसतो तो पाच, आणि नऊ चक्क आपल्या एकासारखा.

नळी बदलायची असेल तर व्हर्नियर घ्या. कड्याचा बाहेरचा व्यास ३३ मिमी भरला तर लहान कडे, ३६ भरला तर मोठे. पण ‘के. काले’ शिक्क्याच्या, तुर्कस्तानातल्या किरिक्काले कारखान्याच्या बनावटीत कडे मोठे असूनही नळीचे आटे लहान, साधारण २५ मिमीचे असतात. जर्मन गेवेर ९८ (जर्मन सैन्याची मॉझर रायफल) ची २८ मिमी आट्यांची नळी त्यात बसत नाही. नुसते कडे मोजून मागवलेली नळी वाया जाते ती यामुळेच.

१८९३ चे लहान कडे ७.६५ साठी घडवलेले आहे, नळी ७.९२ ची बसवल्याने पोलाद बदलत नाही. जास्त दाबाची काडतुसे तिच्यात घालू नयेत. बोल्ट आणि रिसीव्हरचे क्रमांक जुळत नसतील, तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांतले काडतुसासाठीचे अंतर) गेजने तपासल्याशिवाय एकही बार काढू नये.